डोकेदुखी आणि चेहऱ्याच्या नसेच्या वेदनेसाठी सी-आर्म / सोनोग्राफीखाली नर्व्ह ब्लॉक: माहिती आणि अनुभव हवेत

कोरी वही

आईला उजव्या गालात आणि वरच्या ओठात ट्रायजेमिनल न्यूराल्जिया (चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या नसेचं दुखणं) असल्याचं निदान झालंय. ज्यांनी हा आजार जवळून पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. इतरांसाठी: शॉक लागावा तशी कळ येते, काही सेकंद राहते, आणि यायला कुठलंही निमित्त पुरतं. ब्रश हिरडीला लागला, पंख्याचा झोत आला, तोंड पुसताना टॉवेलचं टोक नाकाशेजारी घासलं. कळ आली की आईचा हात वर जातो, पण गालाला लागत नाही. गालापासून बोटभर अंतरावर ती तो तसाच धरून ठेवते. हाताचा स्पर्शसुद्धा नको असतो. आधी दाताचंच दुखणं समजून एक दाढ काढून झाली, कळ होती तशीच राहिली.

एमआरआयमध्ये नसेच्या मुळाशी रक्तवाहिनी टेकलेली दिसतेय. गाठ नाही, मल्टिपल स्क्लेरोसिसच्या खुणा नाहीत. कार्बामाझेपिन या नसेच्या कळेवरच्या गोळीने चांगला फरक पडला होता, पण डोस वाढवला की तोल जातो आणि मध्यंतरी रक्तातलं सोडियमही खाली गेलं. आता न्यूरॉलॉजिस्टनी पेन क्लिनिककडे पाठवलंय. तिथे 'आधी ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) करून बघू, मग आरएफचा विचार करू' असं सांगितलं.

मला समजून घ्यायचंय ते असं: ब्लॉक आणि आरएफ यांत नेमका फरक काय? सी-आर्म, म्हणजे ते फिरवता येणारं एक्स-रे यंत्र, कशासाठी, आणि सोनोग्राफीवर भागत नाही का? ब्लॉकने बरं वाटलं तर त्यावरून काय ठरतं? कुणी स्वतः करून घेतलं असेल तर सविस्तर लिहा. चांगला अनुभव असो वा वाईट, दोन्ही हवेत.

तिसरी घंटा

माझं दुखणं वेगळं आहे, पण ब्लॉकचा अनुभव ताजा आहे म्हणून लिहिते. मला ऑक्सिपिटल न्यूराल्जिया होता. मानेच्या वर, कवटीच्या तळापासून निघून डोक्याच्या मागच्या बाजूने वर चढणारी कळ. उशीवर डोकं टेकलं की सुरू. ग्रेटर ऑक्सिपिटल नर्व्ह नावाची नस तिथून जाते, तिचा ब्लॉक सोनोग्राफीखाली केला.

पालथं झोपवलं, मानेच्या मागे जेल लावलं. स्क्रीन माझ्या बाजूला वळवली होती. डॉक्टरांनी आधी स्नायूंचे थर दाखवले, मग रंगीत डॉप्लर लावल्यावर एक धमनी लाल-निळी धडधडताना दिसली. 'हिच्यापासून लांब राहायचं' एवढं म्हणून त्यांनी सुई घातली. सुई तिरकी येते तेव्हा पडद्यावर चकचकीत पांढरी रेघ दिसते. औषध सुटलं तसं नसेभोवती काळं पाणी पसरत गेलं. दुखलं म्हणाल तर टोचल्याचं आणि नंतर दाबाचं.

अर्ध्या तासात डोक्याची मागची बाजू बधिर. कंगवा फिरवला तर आवाज ऐकू येत होता, दात टोचत नव्हते. कळ बंद. भूल उतरल्यावर थोडी परत आली आणि तिसऱ्या दिवसापासून पुन्हा कमी होत गेली. स्टिरॉइडचा परिणाम असा उशिराच येतो म्हणाले.

मला सर्वांत उपयोगी पडलं ते ब्लॉकआधी दिलेलं कोष्टक. दुखणं शून्य ते दहा, दर तासाला, झोपेपर्यंत. ते नीट भरलं होतं म्हणून पुढच्या भेटीत बोलण्यात काही अर्थ होता. 'बरं वाटलं' एवढ्यावर काही ठरवता आलं नसतं.

उंबरठा

वाचतेय. क्लस्टर डोकेदुखीबद्दल लिहायचंय, वेळ मिळाला की लिहिते.

वेदनावैद्य

मी भूलतज्ज्ञ, आता मुख्यतः पेन मेडिसिनचं काम करतो. कोरी वही, तुमचे प्रश्न नेमके आहेत. उत्तर लांबेल.

ब्लॉक म्हणजे नसेजवळ किंवा तिच्या गँगलियनजवळ (नसेच्या पेशींचा पुंजका) भुलीचं औषध सोडणं. लिग्नोकेन असेल तर १-२ तास, ब्युपिव्हाकेन असेल तर ४-८ तास नस गप्प राहते. सोबत कधी स्टिरॉइड असतं. नसेला इजा होत नाही, परिणाम उतरतो. आरएफ म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी: सुईच्या उघड्या टोकाभोवती उष्णता निर्माण करून वेदना वाहणारे तंतू जाळणं. त्याचा परिणाम महिने ते काही वर्षं टिकतो, आणि सोबत बधिरपणाही राहतो. पल्स्ड आरएफ हा तिसरा प्रकार, त्यात तापमान ४२ अंशांच्या आसपास ठेवतात आणि नस जाळत नाहीत. ट्रायजेमिनल न्यूराल्जियात मात्र पल्स्डचा परिणाम नेहमीच्या आरएफपेक्षा बराच कमी पडतो.

आता प्रतिमेबद्दल. ट्रायजेमिनल नस मेंदूच्या देठापासून निघते, कवटीच्या आत गॅसेरियन गँगलियनमध्ये तिच्या तीन शाखा होतात आणि तीन वेगवेगळ्या वाटांनी त्या बाहेर पडतात. कपाळ-डोळ्याची शाखा डोळ्याच्या खोबणीतल्या फटीतून, गाल-वरच्या ओठाची फोरामेन रोटंडममधून, जबड्याची फोरामेन ओव्हेलमधून (ही दोन्ही कवटीच्या तळाची भोकं). गँगलियनपर्यंत जायचं तर फोरामेन ओव्हेलमधूनच. ते भोक काही मिलिमीटरचं, आणि त्याच्या आजूबाजूला दुसरी भोकं, त्यांतल्याच एकातून मेंदूला रक्त नेणारी कॅरॉटिड धमनी जाते. सोनोग्राफीच्या लहरी हाडापलीकडे जात नाहीत, त्यामुळे ते भोक ओलांडून सुई कुठे पोचली हे तिथे दिसणार नाही. म्हणून सी-आर्म, काही ठिकाणी सीटी. याउलट नस मऊ भागात असेल, शेजारी धमनी असेल, तर सोनोग्राफी सरस. किरणोत्सर्ग नाही, रक्तवाहिनी डोळ्यांसमोर दिसते, औषध पसरताना दिसतं. ऑक्सिपिटल नर्व्ह, भुवईवरची सुप्राऑर्बिटल, गालावरची इन्फ्राऑर्बिटल, हनुवटीची मेंटल या सगळ्या तिथे येतात.

सी-आर्मखाली खोल जागी औषध देण्याआधी थोडा डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव) सोडतात. डाय जागच्या जागी राहिला तर ठीक, क्षणात वाहून गेला तर टोक रक्तवाहिनीत आहे. मानेच्या वरच्या भागात, विशेषतः पहिल्या दोन मणक्यांजवळ, मेंदूकडे जाणारी व्हर्टिब्रल धमनी अगदी शेजारून जाते. भुलीच्या औषधाचा अगदी थोडा अंश त्या धमनीत गेला तरी फिट येऊ शकते. तिथे बघितल्याशिवाय सुई पुढे सरकवू नये, एवढं मी ठामपणे म्हणेन.

पण माझा खरा मुद्दा पुढे आहे, आणि रुग्णांना तो क्वचितच कुणी सांगतं. प्रतिमा सुई कुठे आहे ते दाखवते. वेदना तिथूनच येतेय का, हे ती दाखवत नाही. फिल्मवर अगदी देखणी दिसणारी सुई चुकीच्या निदानासाठी घातलेली असू शकते. जागा बरोबर असण्याची जबाबदारी सी-आर्मची आहे. कारण बरोबर असण्याची जबाबदारी तुमची हकिकत नीट ऐकणाऱ्या माणसाची आहे.

पाणकणीस

+१. शेवटचा परिच्छेद जपून ठेवला.

सरळरेघ

डॉक्टर, एक शंका. ब्लॉकने दुखणं गेलं म्हणजे तीच नस कारणीभूत, हे तर सिद्धच झालं ना? मग निदानाचा प्रश्न कुठे उरतो?

वेदनावैद्य

सरळरेघ, इथेच गफलत होते. मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्याची ट्रायजेमिनल नस यांचे संदेश मेंदूच्या देठात आणि मानेच्या मज्जारज्जूत एकाच केंद्रात येऊन मिळतात, दोन गावांच्या वाटा एका फाट्यावर मिळाव्यात तशा. म्हणून मानेचं दुखणं डोळ्यामागे जाणवतं. आणि म्हणूनच मागच्या ऑक्सिपिटल नसेला ब्लॉक दिला तर पुढच्या बाजूची अर्धशिशीसुद्धा काही जणांत शांत होते. आता अशा रुग्णात 'ब्लॉकने बरं वाटलं, म्हणजे दुखणं मानेचंच' म्हटलं तर चुकलंच. ऑक्सिपिटल ब्लॉकला अर्धशिशी, क्लस्टर आणि मानेमुळे होणारी डोकेदुखी, तिघीही प्रतिसाद देऊ शकतात.

ऑक्सिपिटल न्यूराल्जियाच्या आंतरराष्ट्रीय निकषांत ब्लॉकने तात्पुरता आराम पडणं ही एक अट आहे, पण एकमेव नाही. कळेचं स्वरूप, नसेवर दाबल्यावरचं दुखणं, स्पर्शाची बदललेली जाणीव हेही लागतं.

शिवाय निदानासाठी ब्लॉक असेल तर औषध थोडं हवं. जास्त सोडलं की आजूबाजूच्या दोन-चार नसा, स्नायू सगळेच भिजतात आणि उत्तर कुणाचं ते कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यामधल्या सांध्यावरून जाणारी थर्ड ऑक्सिपिटल नर्व्ह असो की दुसरी कुठली, जाळण्याआधी निदानाचे ब्लॉक सहसा दोनदा करतात, शक्यतो कमी आणि जास्त टिकणारी दोन वेगळी औषधं वापरून. कारण सुई टोचल्याने, आशेने, त्या दिवशी नुसतं पडून राहिल्याने काही काळ बरं वाटणं ही माणसाच्या शरीराची रीत आहे.

उंबरठा

आता लिहिते. आमच्या घरी क्लस्टर हेडेक आहे, नवऱ्याला. एका डोळ्यामागे, त्याच बाजूचा डोळा लाल, पापणी खाली, नाक वाहतं. पाऊण-एक तास तो एका जागी बसू शकत नाही. अर्धशिशीत माणूस अंधारात पडून राहतो, हा खोलीत येरझाऱ्या घालतो. हा फरक आम्हाला फार उशिरा कुणीतरी समजावला. तोवर सायनसच्या गोळ्या चालू होत्या.

त्याला दोन गोष्टींनी हात दिला. झटका आला की मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन, मिनिटाला १२-१५ लिटर, आणि सत्र (झटके पुन्हा पुन्हा येण्याचा काळ) सुरू झालं की त्या बाजूला ऑक्सिपिटल नर्व्हपाशी स्टिरॉइडचं इंजेक्शन. झटके टाळण्यासाठीचं व्हेरापॅमिल हळूहळू चढवावं लागतं, दर टप्प्याला ईसीजी. ते लागू पडेपर्यंतचे दिवस या इंजेक्शनने निभावले. क्लस्टरमध्ये या इंजेक्शनला अभ्यासांचा बऱ्यापैकी भक्कम आधार आहे असं न्यूरॉलॉजिस्टनी सांगितलं होतं.

पुढच्या एका सत्रात स्फेनोपॅलाटाइन गँगलियन या नाकामागच्या नसपुंजक्याचा ब्लॉकही झाला, सी-आर्मखाली, गालाच्या हाडाखालून. नाकातून रक्त आलं थोडं, तेवढंच. आराम पडला, पण किती ब्लॉकचा आणि किती सत्र आपोआप उतरल्याचा, हे मला आजही सांगता येणार नाही. डॉक्टर, याबद्दल लिहाल का?

वेदनावैद्य

उंबरठा, तुमचं निरीक्षण फार मोलाचं आहे. क्लस्टर सत्रात येतो आणि सत्र आपलं आपण संपतं, त्यामुळे शेवटी जो उपचार झाला त्याला श्रेय मिळून जातं.

स्फेनोपॅलाटाइन गँगलियन नाकाच्या मागे, टेरिगोपॅलाटाइन फोसा नावाच्या अरुंद खोबणीत असतं. डोळ्यातलं पाणी, नाकाचं वाहणं यांना चालना देणारे तंतू तिथून जातात, म्हणून क्लस्टरमध्ये ते लक्ष्य. हा ब्लॉक नवा नाही, स्लूडर या नाक-घसातज्ज्ञाने १९०८ मध्ये त्याचं वर्णन केलंय. नाकातून कापसाच्या काडीने औषध लावूनही तो करतात. त्यात सुई नाही, प्रतिमा नाही, पण औषध गँगलियनपर्यंत किती झिरपलं याची खात्रीही नाही. सुईने जायचं तर मॅक्सिलरी धमनी त्याच खोबणीत आहे, म्हणून रक्तस्राव होऊ शकतो. तुमच्याकडे नाकातून आलेलं रक्त ही त्यातली ओळखीची, सहसा किरकोळ गोष्ट.

सरळरेघ

माझ्या बहिणीला जुनी अर्धशिशी आहे. महिन्यातले बहुतेक दिवस गोळी. तिला सरळ ब्लॉकच करून टाकावा का?

वेदनावैद्य

आधी गोळ्या मोजा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान (अर्धशिशीच्या खास गोळ्या) किंवा मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल तर गोळ्यांच्या अतिवापरामुळेच डोकं दुखत असू शकतं. ते सोडवताना मधल्या कठीण दिवसांसाठी ऑक्सिपिटल ब्लॉक कधी कधी उपयोगी पडतो. पण रोजच्या प्रतिबंधक औषधाची जागा तो घेत नाही. जुनाट अर्धशिशीत या ब्लॉकचे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. काहींत फायदा, काहींत औषध नसलेल्या नुसत्या सलाइनच्या इंजेक्शनइतकाच. भुलीच्या औषधात स्टिरॉइड मिसळल्याने अर्धशिशीत काही जास्तीचं मिळतं असंही ठोस दिसलेलं नाही.

आणि हे सगळ्यांसाठी: क्षणात टोकाला पोचलेली आयुष्यातली सर्वांत तीव्र डोकेदुखी, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, सोबत ताप, मान आखडणं, दृष्टी जाणं, हात-पाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही असेल तर ब्लॉकची चर्चा नंतर. आधी तातडीने तपासणी.

निळी शाई

स्टिरॉइडबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. मला ऑक्सिपिटल ब्लॉकनंतर टोचलेल्या जागी रुपयाएवढं टक्कल पडलं आणि तिथली त्वचा पातळ झाली. केस बऱ्याच महिन्यांनी आले. मधुमेह आहे, साखर आठवडाभर वर राहिली. आधी सांगितलं असतं तर मी तयारीत राहिलो असतो, याचा राग आहे.

वेदनावैद्य

राग रास्त आहे. हे संमतीपत्रावर आणि तोंडी, दोन्हीकडे सांगायलाच हवं. ट्रायमसिनोलोनसारखं दाणेदार स्टिरॉइड त्वचेच्या जवळ सोडलं की असं होऊ शकतं. डोक्याला हे इंजेक्शन देताना बरेच जण आता दाणे नसलेलं डेक्सामेथासोन वापरतात किंवा नुसतं भुलीचं औषध. मानेत खोलवर देताना तर दाणेदार औषधाचा धोका गंभीर: धमनीत गेलं तर दाणे रक्तप्रवाह अडवतात. मणक्याच्या एपिड्युरल जागेतल्या (मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या) स्टिरॉइड इंजेक्शनांनंतर क्वचित पक्षाघात, दृष्टी जाणं असे प्रकार झाल्याची सूचना अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१४ मध्ये काढली होती. 'कुठलं स्टिरॉइड वापरणार?' हे विचारायला रुग्णाने अजिबात संकोचू नये.

आणखी एक, जे कमी लोकांना माहीत असतं: डोक्याच्या मागच्या बाजूला कवटीचं ऑपरेशन झालं असेल आणि हाडात मोकळी जागा राहिली असेल, तर ऑक्सिपिटल ब्लॉकचं औषध आत मेंदूपर्यंत जाऊन शुद्ध हरपू शकते. जुनी ऑपरेशनं क्षुल्लक वाटली तरी सांगा.

कोरी वही

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, आता आईच्या बाबतीत. रक्तवाहिनी टेकलेली दिसतेय तर ती दूर करण्याचं ऑपरेशन चांगलं की आरएफ? वय सत्तरीच्या पुढे आहे, हृदयाचा त्रास आहे. आणि आरएफच्या वेळी आई जागी असते का? ती त्याच कल्पनेने घाबरलीये.

वेदनावैद्य

निर्णय तुमच्या न्यूरोसर्जन आणि भूलतज्ज्ञांनी आईला तपासून घ्यायचा. चौकट सांगतो. रक्तवाहिनी दूर करण्याच्या ऑपरेशनमध्ये मूळ कारणावर घाव बसतो, आराम जास्त वर्षं टिकतो आणि चेहरा सहसा बधिर होत नाही. पण ते कवटी उघडून, पूर्ण भूल देऊन करायचं ऑपरेशन आहे, त्या बाजूचं ऐकू येणं कमी होण्याचा थोडा धोका असतो. वय, हृदय यांमुळे ते झेपणार नसेल तर सुईचे उपाय: आरएफ, नसेपाशी ग्लिसरॉल हे रसायन सोडणं, किंवा छोट्या फुग्याने नसेवर दाब देणं. दुखणं काही वर्षांनी परतण्याची शक्यता राहते, पण परत करता येतं.

आरएफमध्ये ओठाच्या कोपऱ्यापासून साधारण अडीच-तीन सेंटिमीटर बाहेर, गालातून सुई जाते. सी-आर्म तिरका करून फोरामेन ओव्हेल स्क्रीनवर आणतात, मग बाजूने बघून खोली ठरवतात. सुई आत शिरताना आणि जाळताना अल्पकाळ भूल देतात, कारण ते क्षण खरोखर वेदनादायक असतात. त्यावेळी नाडी अचानक मंदावू शकते, म्हणून मॉनिटर आणि औषध हाताशी हवं. मध्ये मात्र त्यांना जागं करतात. ५० हर्ट्झची बारीक झिणझिणी देऊन विचारतात, 'कुठे जाणवतंय?' त्या म्हणाल्या 'गालात, वरच्या ओठात, नेहमीच्याच जागी' तर पुढे जायचं. डोळ्यात किंवा कपाळात म्हणाल्या तर सुई हलवायची. कारण कपाळाची शाखा जळली तर कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) बधिर होतो, कचरा गेलेला कळत नाही, जखम होते. मग २ हर्ट्झ देऊन जबडा हलतो का पाहतात. आईंना एवढंच समजावा: त्या दोन मिनिटांत त्यांचं उत्तर आमच्या स्क्रीनपेक्षा महत्त्वाचं आहे.

मागचं बाक

हे माझ्यावर झालंय, म्हणून काकूंसाठी लिहितो. जागं करतात तेव्हा दुखत नाही, मुंग्या येतात. मला पहिल्यांदा खालच्या जबड्यात आल्या, मी सांगितलं, त्यांनी सुई थोडी बदलली, मग गालात आल्या. संध्याकाळी वारा गालावर घेतला आणि काही झालं नाही.

पण बधिरपणाची तयारी ठेवा. गाल आपला नसल्यासारखा वाटतो. गरम पेयाने आतून भाजलं तर कळत नाही, गाल दाताखाली येतो. पहिले काही आठवडे त्या बाजूने चावणं टाळलं. ओठावर पुरळही उठलं होतं, नागिणीच्या भावंडातल्या विषाणूचं, औषधाने गेलं. माझ्यासाठी हा सौदा निःसंशय फायद्याचा ठरला. माझ्यासोबतच्या एका बाईंना मात्र बधिरपणाच जास्त छळत होता.

वेदनावैद्य

अगदी बरोबर सांगितलंत. म्हणूनच आधी नुसता ब्लॉक करून बघण्याचा एक जास्तीचा फायदा आहे: काही तास गाल बधिर असणं म्हणजे काय, हे आईंना आरएफआधी अनुभवता येतं. तो बधिरपणा असह्य वाटला तर तसं स्पष्ट सांगू द्या. फार क्वचित, बधिर झालेल्या भागातच सततची जळजळ सुरू होते आणि ती उपचारांना दाद देत नाही. तिला ॲनस्थेशिया डोलोरोसा म्हणतात, संमती देताना हे नाव ऐकलेलं असावं.

कोरी वही

आईला सगळं वाचून दाखवलं. 'मला विचारणार असतील तर मी सांगेन' म्हणाली. हृदयासाठी तिला क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी रोखणारी गोळी) चालू आहे. ते ब्लॉकआधी आपणच थांबवायचं का?

वेदनावैद्य

नाही, स्वतःहून अजिबात नाही. स्टेंट असेल तर ती गोळी बंद केल्याने सुईच्या धोक्यापेक्षा मोठा धोका ओढवू शकतो. गालावरच्या वरवरच्या ब्लॉकला ती बहुधा थांबवावी लागत नाही, कवटीत जाणाऱ्या सुईला सहसा थांबवतात. किती दिवस आधी, आणि मुळात थांबवायची का, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि पेन क्लिनिक यांनी एकमेकांशी बोलून लिहून द्यायला हवं. कार्बामाझेपिनही अचानक तोडू नका, ब्लॉकच्या दिवशीचा डोस विचारून घ्या, आणि सोडियमचा ताजा रिपोर्ट सोबत न्या.

तिसरी घंटा

कोष्टकाचं लक्षात ठेवा. न्यूराल्जियात कळ येते-जाते, त्यामुळे नुसते आकडे पुरणार नाहीत. ब्रश केल्यावर, तोंड धुतल्यावर, चावताना, प्रत्येक वेळी कळ आली की नाही हे लिहा. ब्लॉकच्या आदल्या दिवशीही तसंच भरा, म्हणजे तुलना करता येईल.

कोरी वही

आजपासूनच भरायला घेतलंय.